मोडलेल्या चाकाचा लौकिक

'लौकिक' हा शब्द 'लोक' ह्यावरून आला आहे. आपण तो सहज वापरतो : अमक्याचा लौकिक मोठा, तमकीने घराण्याचा लौकिक राखला. पण शब्दाची घडण नीट पाहिली, की थोडे अस्वस्थ व्हायला होते. जे लोकांचे, लोकांजवळचे, ते लौकिक. म्हणजे माणसाचा लौकिक त्याच्या स्वतःच्या घरात नसतोच. तो शेजारणीच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर, वडापच्या जीपमधल्या मागल्या बाकावर असतो. आपल्या मालकीची ही एकच वस्तू अशी, की जिला हात लावण्याची मुभा आपल्याखेरीज सर्वांना असते!

हे मला संस्कृत शिकवताना कधी सुचले नाही. सुचले ते जुबेदाभाभींच्या दुकानात. भोरच्या पेठेतले हे शिवणाचे दुकान म्हणजे आमचे वाचनमंडळ. दर रविवारी दुपारी आम्ही चौघे तिथे जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचतो. वाचते मी, डोळे इंग्रजीवर आणि तोंडाने मराठी. भाभी यंत्र थांबवत नाहीत, म्हणून मंडळच त्यांच्याकडे भरते. बबनराव हे मार्गासनीचे, एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक. आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. चौथी संगीता, माझी जुनी विद्यार्थिनी, वरवे बुद्रुकची. नसरापूरच्या एका दवाखान्यात ती परिचारिका आहे. अशा ठिकाणी किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. कापड कापले, की चिंध्या पडतातच.

•

पहिल्याच कादंबरीत पहिल्याच रविवारी अडचण आली. नायक आला, देखणा होता, उमदा होता. बबनरावांनी हात वर केला.

"बाई, ह्यो मानूस काम काय करतो?"

"काम करत नाही. त्याची जमीन आहे."

"मग जमीन कोन करतं?"

"कुळे करतात."

"अन् ह्यो दिवसभर?"

मी पाने चाळून पाहिली. "फिरायला जातो. लोकांना भेटायला जातो. पत्रे लिहितो."

"आमच्याकडं असल्याला कुनी पोरगी देत न्हाई!"

भाभींनी दोरा दाताने तोडला. "देतात की! जमीन हायवेला लागून असंल तर देतात."

•

नृत्यसभेचे प्रकरण असेच. मी 'नृत्यसभा' हा शब्द फार विचारान्ती योजला होता. तो कोणाच्या लक्षातही आला नाही.

"म्हंजे पोरं-पोरी हातात हात घालून नाचत्यात," बबनराव म्हणाले, "अन् आईबाप बाजूला बसून बघत्यात?"

"बघतातच असे नाही. कोण कोणाबरोबर किती वेळ नाचले, हे मोजतात."

"मग ते आपल्या हळदीसारखंच झालं की!"

भाभींना निराळीच शंका. "हातमोजे घालून हात धरायचा?"

"तशी रीत होती."

"मग धरायचा कशाला?"

संगीता एवढी हसली, की हातातले बटणांचे खोके सांडले. तिचे हसणे आम्हाला तेव्हा फक्त हसणे वाटले. तिच्याही आयुष्यात असा एक हातमोजा आहे, हे आम्हाला नंतर कळले.

•

त्याचे नाव अमोल. वरव्याजवळच्या एका कारखान्यात अभियंता. बोटाला पत्रा लागला म्हणून तो दवाखान्यात आला, संगीताने टाके घालताना डॉक्टरांना मदत केली, आणि नंतर पट्टी बदलायला तो गरजेपेक्षा पुष्कळच अधिक वेळा आला. जखम भरली तरी येत राहिला!

दोन्ही घरे बौद्धांची. त्यामुळे बबनरावांनी प्रश्न तिथल्या तिथे मिटवला. "जात एक, विहार एक. मग अडलंय कुठं?"

"बंगल्यापाशी," संगीता म्हणाली.

अमोलचे वडील वर्ग एकचे अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. भोरमध्ये बंगला, दारात दोन गाड्या. संगीताचे वडील भातशेती करून एका वर्कशॉपमध्ये जात, आणि दर रविवारी गावच्या विहारात वंदना घेत. गावात त्यांना मान होता. पण मान आणि बंगला ह्यांच्या मधला रस्ता चढाचा असतो. अमोलची आई, लीलाताई, संगीताशी कधी वाकडे बोलल्या नाहीत. त्या फार गोड बोलत. संगीता म्हणे, "बाई, त्या माझ्याशी पेशंटशी बोलावं तशा बोलतात."

•

त्याच सुमारास आमच्या कादंबरीत जमीनदाराच्या आईने नायिकेकडे वापरलेल्या कपड्यांची एक परडी पाठवली. प्रेमाने, असे लेखिकेने म्हटले होते. त्या शब्दाला किंचित काटा होता, तो मराठीत आणायला मला बरीच खटपट करावी लागली. उठताना संगीताने पिशवीतून एक साडी काढली.

"भाभी, ह्याच्यावर ब्लाऊज शिवायचाय. अमोलच्या आईंनी दिवाळीला दिलीय."

भाभींनी साडी उलगडली. पदर पाहिला, टोक पाहिले, घडी पुन्हा घातली.

"ह्याचं पीस कुठाय?"

"आत असेल."

"न्हाई आत. ते म्या मागल्या वर्षी कापलंय. कुनाच्या मापानं, ते इचारू नकोस."

बबनरावांनी उगाच पंखा वाढवला. संगीताने साडी परत पिशवीत ठेवली आणि मला म्हणाली, "बाई, परडीचं पुढं काय झालं?"

•

आता तो किस्सा, जो आमच्याकडून घडू नये तो घडला.

कादंबरीतली नायिका एका पाद्र्याची मुलगी. जमीनदाराच्या मुलाबरोबर ती आजारी मावशीला पाहून परतत असते, वाटेत घोडागाडीचे चाक मोडते, आणि दोघांना पांथशाळेत रात्र काढावी लागते. ती एका खोलीत, तो खाली शेकोटीपाशी. घडत काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी सारा परगणा बोलू लागतो.

"पांथशाळा म्हंजे?" बबनरावांनी विचारले होते.

"प्रवाशांनी उतरण्याची जागा."

"म्हंजे लॉज!"

मी तीन पर्याय सुचवले. तिन्ही नामंजूर झाले. लॉज तो लॉजच राहिला.

त्या आठवड्यात संगीताच्या भाचीच्या वाढदिवसाला आम्ही वरव्याला गेलो होतो. येताना नसरापूरहून बबनराव आणि मी वडापने भोरकडे निघालो. गाडीत मांडीला मांडी लागलेली, वरव्याच्या वाढदिवसाचे मोठ्याने बोलून झालेले, आणि बबनरावांच्या डोक्यात कादंबरी फिरत होती.

"बाई, माझं म्हननं एवढंच," त्यांनी त्यांच्या त्या आवाजात सुरू केले, "चाक मोडलं ह्यात पोरीची काय चूक? रात्र लॉजवर काढली, कबूल. पर त्यो खाली हुता!"

"लोकांना ते पटणार नाही," मी म्हणाले. "मुलाची आई तर आता लग्नाला उभीही राहणार नाही."

"अन् पोरीचा बाप? देवाधर्माचा मानूस. त्यानं तोंड कसं दाखवायचं?"

मागल्या बाकावर मेथीची जुडी मांडीवर घेतलेली एक बाई बसली होती. तिने आमच्याकडे एकदाही पाहिले नाही. इतके न पाहणारे माणूस ऐकत असते, हे मला कळायला हवे होते.

•

पुढच्या रविवारपर्यंत घोडागाडीची स्कॉर्पिओ झाली. चाकाचा टायर झाला. पाद्र्याचा विहारात वंदना घेणारा बाप झाला, कारण आम्ही वरव्याहून येत होतो आणि वरव्यात असा बाप एकच. जमीनदाराचा मुलगा बंगल्यातला झाला. लॉज मात्र लॉजच राहिला. तो आम्हीच तयार करून दिला होता.

भाभींना हे गिऱ्हाइकाकडून कळले. बाही मोजताना ती बाई म्हणाली, "तुमच्याकडं ती वरव्याची नर्स येते न्हाई का? कळलं म्हनं."

मला घरात बसवेना. मी एस.टी. स्थानकापर्यंत जाई, कोणाला तरी गाठून खुलासा करावा असे वाटे, आणि खुलासा करायला कोणी काही विचारलेलेच नाही, हे ध्यानात येऊन परत फिरे. अफवेचे हेच अवघड असते. ती तुमच्यासमोर येऊन उभी राहत नाही, की तिला उत्तर द्यावे.

संगीताच्या घरी लग्नाची बैठक ठरत आली होती. लीलाताईंनी निरोप पाठवला : जरा थांबू.

•

आमच्या भोर-वेल्ह्याकडे लग्नाआधी चौकशी होते, आणि ती विधीसारखी काटेकोर असते. मुलाचा मामा गावात येतो. मुलीच्या घराकडे जात नाही, टपरीवर बसतो. पाऊसपाणी विचारतो, आंबेमोहर कसा आला ते विचारतो, भलत्याच घराची खुशाली विचारतो, आणि चहाचा शेवटचा घोट घेताना म्हणतो, "अन् ते अमके कसे हैत?"

अमोलच्या मामांनी मात्र टपरी सोडून भाभींचे दुकान गाठले. शर्टाचे बटण लावायला! भाभींनी बटण लावायला घेतले. मामांनी पाऊसपाणी विचारले. मी आणि बबनराव तिथेच होतो; बबनरावांना धीर धरवला नाही.

"मामा, सरळ इचारा. लॉजचं इचारायचंय न्हवं?"

मामा दचकले. "तसं न्हाई, पर…"

"ती पोरगी येगळी! ती पुस्तकातली! तिला मरून दोनशे वर्षं झाली!"

मामांचा चेहरा पांढरा पडला. "म्हंजे तिनं जिवाचं काही करून घेतलं?"

मी कादंबरी उघडून दाखवली. मामांनी चष्मा लावून पान पाहिले. इंग्रजी होते. ते हळूच म्हणाले, "बाई, कागदावर आलंय म्हंजे थोडंफार असनारच."

•

त्या रविवारी मी म्हणाले, "वाचन बंद करू. निदान बैठक होईपर्यंत तरी."

संगीता कपड्यांच्या ढिगाशेजारी उभीच होती. दोन आठवड्यांत तिला कोणी बसलेले पाहिले नव्हते. दवाखान्यात, घरात, इथे, सारखी उभी. वडिलांनी रविवारी वंदनेला जाणे टाळले होते, हे तिने मला सांगितले नव्हते; बबनरावांनी सांगितले.

"बंद नाही करायचं," ती म्हणाली. "ती लॉजवरून परत आल्यावर काय करते, ते मला बघायचंय."

"ती सगळ्यांना समजावत फिरते," मी म्हणाले. मी पुढे वाचून ठेवले होते. "दारोदार. मोडलेले चाक आणून दाखवते. गाडीवानाची साक्ष काढते."

"आणि लोक?"

"ऐकून घेतात. आणि ती गेली, की पुन्हा सुरू होतात."

"मग कशाला फिरते?"



•

आणि तेवढ्यात दारात लीलाताई आल्या.

आम्ही नेहमीसारखे सतरंजीवर; वर बसायला दुकानात एकच स्टूल. भाभींनी त्यावरचे परकर उचलले. लीलाताई बसल्या, रुमालाने कपाळ टिपले, आणि आम्हा तिघांकडे न पाहता संगीताला म्हणाल्या, "सगळे मला काही ना काही सांगतायत. भाऊ सांगतो, जाऊ सांगते, भाजीवाली सांगते. मी म्हटलं, तुलाच विचारावं. काय झालं होतं?"

मी तयारच होते. पुस्तक हातात होते, त्या पानावर बोट होते, पांथशाळेपासून वडापपर्यंत सारा खुलासा मनात क्रमाने लावलेला होता. बबनराव साक्षीला उठूनही उभे राहिले होते. मी तोंड उघडले.

संगीताने माझ्या हातातून पुस्तक काढून घेतले. मिटले. ढिगातल्या कपड्यांखाली सरकवले.

"चाक मोडलं होतं, काकू," ती म्हणाली.

भाभींचे यंत्र थांबले. इतक्या वर्षांत कोणाच्या बोलण्याने मी ते थांबलेले पाहिले नव्हते.

लीलाताई तिच्याकडे पाहत राहिल्या. संगीतानेही नजर खाली घातली नाही. तिने एक अक्षरही वाढवले नाही.

मग लीलाताईंनी विचारले, "स्टेपनी नव्हती?"

हा किस्सा आता भोरमध्ये सर्वांना पाठ आहे. नसरापूरला वडापात बसले, की कोणी ना कोणी मलाच तो सांगते. काही जण सांगतात, की संगीताने पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतली, ते खोटे. पुस्तक संध्याकाळपर्यंत कपड्यांखाली होते. काही सांगतात, की लीलाताईंना कादंबरीचा शेवट ऐकून गहिवरून आले. तो शेवट त्यांनी आजवर ऐकलेला नाही. पण बहुतेक सगळे चुकतात ते एका ठिकाणी : स्टेपनीचा प्रश्न लीलाताईंनी स्टुलावर बसून, आवाज चढवून विचारला, असे ते सांगतात. मी तिथे होते. तो प्रश्न त्यांनी उभे राहून विचारला; भाभींच्या गळ्यातली टेप काढून घेतली होती, आणि नव्या ब्लाऊजचे माप घ्यायला तिचे एक टोक संगीताच्या खांद्यावर धरले होते.