मिठागराच्या क्लबचा बारा नंबर

मेलेल्या माणसाच्या बायकोशी फोनवर खोटं बोलून त्याच संध्याकाळी तुम्ही पोटभर जेवू शकाल का? आम्ही जेवलो. आखातात, अल मुंतझातल्या आमच्या फ्लॅटमध्ये, आई, बाबा आणि मी, टीव्ही लावून. भाजी आळणी झाली होती, यावरही बोललो.

गोष्ट इथे फुटबॉलचा विश्वचषक झाला त्या वर्षी सुरू झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये मेक्सिकोहून आलेला एक शाळामास्तर महिनाभर भाड्यानं राहायला होता. आला होता देशाच्या टीमसाठी, पण बोलायचा गावच्या क्लबबद्दल. समुद्रकाठी मिठागरांचं गाव, क्लब खालच्या श्रेणीतला, मैदानाच्या एका बाजूला मिठाचे ढीग, क्लबच्या चिन्हात बगळा. त्याचे वडील मिठागरात राबले आणि दर रविवारी त्याच मैदानाच्या कठड्यावर बसले. हे सगळं तो मोडक्या इंग्लिशमध्ये आणि हातांनी सांगायचा. आईच्या चपातीत स्वतःची मिरचीची चटणी घालून खायचा. त्याचा देश हरला, तो परत गेला आणि जाताना आमच्या दारात एक मोठी बॅग ठेवून गेला. आत त्या क्लबचे जुने शर्ट होते, धुऊन घड्या घातलेले.

"एवढे शर्ट घेऊन फिरत होता हा?" आई म्हणाली.

"वाटायला आणले असतील. आपण नाही का दिवाळीनंतर डबे घेऊन हिंडत," बाबा म्हणाले.

बाबांनी ते शर्ट अल रय्यानच्या पलीकडच्या मोकळ्या मैदानावर नेले. तिथे शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कामगारांच्या कॅम्पमधली आपली माणसं खेळायची. सातारा, बीड, जळगाव, सगळीकडची. फिटर, वेल्डर, ड्रायव्हर. एरवी क्रिकेट, पण त्या हिवाळ्यात सगळ्यांना फुटबॉल चढला होता. बाबांनी शर्टांबरोबर क्लबची गोष्टही सांगितली. तेव्हा बीडकडचा एक फिटर पाठ वळवून म्हणाला, "मिठागर हितंच हाय की साहेब. बगा." त्याच्या कामाच्या निळ्या शर्टावर घाम वाळून पांढऱ्या रेघा उठल्या होत्या. सगळे हसले. मीही हसले.

एक ते चौदा शर्ट होते, फक्त बारा नव्हता. माणसं चौदा, शर्ट तेरा. चिठ्ठ्या टाकल्या आणि फिटर रिकाम्या हातानं राहिला.

"काकू, माझा नंबर कस्टमवाल्यानं ढापला," तो आईला म्हणाला.

"मी शिवते ना तुला. त्यात काय."

आईनं पांढरं कापड आणलं, बाबांच्या जुन्या ऑफिस शर्टातून निळा बारा कापला, पाठीवर शिवला. बगळासुद्धा काढला, तो बदकासारखा झाला. "काकू, ह्याला पोहता येतंय का?" असं विचारत फिटरनं तो घातला आणि पुढच्या प्रत्येक शुक्रवारी तोच घातला. खेळ झाला की कॅम्पातून आणलेल्या थर्मासातला चहा तो आधी आईला द्यायचा. फोनमध्ये आईचा नंबर त्यानं "शिवणारी काकू" म्हणून ठेवला होता.

मग उन्हाळा आला. इथे दुपारी बाहेरचं काम बंद ठेवतात. पण फिटर ज्या लोखंडी टाकीत उतरून काम करायचा, तिच्या आत सकाळी नऊलाच दुपार झालेली असते. जूनमधल्या एका शुक्रवारी, उन्हं उतरल्यावर, आम्ही मैदानावर गेलो तर फिटर खेळत नव्हता. गाडीच्या सावलीत बसला होता. दोनदा ओकला. त्याच्या हाताची बोटं आखडली होती, थर्मासचं झाकण त्याला उघडेना.

"तीन दिस झाले असं," तो म्हणाला. "टाकीत उतरलं की डोळ्यापुढं अंधारी येती. सुपरवायझर म्हणला, लिंबूपाणी पी, यल्ला, चल कामाला."

बाबा म्हणाले, "सोमवारी क्लिनिकला जाऊन ये. इन्शाल्ला, होईल बरं."

सोमवारी तो टाकीतच गेला.

मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं होतं: हृदय बंद पडून, नैसर्गिक मृत्यू. आठवड्यानं त्याच्या बायकोचा फोन आला, सामानाबरोबर घरी पोचलेल्या त्याच्या फोनमधून आईचा नंबर काढून. "काकू, त्या शुक्रवारी तुम्ही बघितलं होतं ना त्यांना? कसे होते?"

बाबा समोर उभे होते. फिटर ज्याच्याकडे कामाला होता तो कॉन्ट्रॅक्टर बाबांच्याच ऑफिसचं काम करायचा. बाबांनी नुसती नकारार्थी मान हलवली. आई म्हणाली, "बरे होते गं. हसत होते."

त्या संध्याकाळचं जेवण मी वर सांगितलंच.

पुढे काही महिन्यांनी मी त्या क्लबचं पान उघडलं, यंत्रानं भाषांतर करून वाचलं. तिथे बारा नंबर कुणाही खेळाडूला देत नाहीत. तो कठड्यावर बसणाऱ्यांचा, मैदानात न उतरणाऱ्यांचा. बॅगेत तो कधी नव्हताच. हे मी आईला सांगायला नको होतं.

"म्हणजे रिकामी जागा होती ती," ती म्हणाली. "आणि मी त्याला तिथे बसवलं."

तेव्हापासून शिवणाच्या मशीनवर चादर आहे. मी आईवर ओरडले. मी मराठी वाचायला शिकले ती नाशिकच्या आजोबांनी पाठवलेल्या, कारखान्यांच्या गेटवर वाटलेल्या कामगार संघटनेच्या पत्रकांवर. आकडे माणसं मारत नाहीत, हे मला पहिलीपासून पाठ आहे. आईला बारा दिसतो, मला टाकी दिसते, असं मी तिला सुनावलं. पण खरं सांगते, बारा मलाही दिसतो. द पर्लला, समुद्रकाठच्या श्रीमंत वस्तीत, मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले होते. मरीनाच्या काठाला दोन माणसं कठडा पुसत होती आणि एकाच्या पांढऱ्या पाठीवर निळा बारा होता. मी टेबलावरून उठून त्याच्यापर्यंत गेले. पाठ कोरी होती. त्यानं घाबरून मला सलाम केला.

बायकोचा फोन येत राहिला. दर वेळी तोच प्रश्न. आई दर वेळी तेच उत्तर देऊन स्वयंपाकघरात जायची. एकदा आई आंघोळीला गेली होती आणि फोन मी उचलला.

"ताई, मला कुणाशी भांडायचं नाही," ती म्हणाली. "सासू म्हणती, ह्यांना आधीपासून दुखणं होतं, मी लपवून धाडलं. गावात तेच बोलतेत. पोरीला बी तेच ऐकू येतंय. एवढंच सांगा, कसे होते ते?"

मी सगळं सांगितलं. ओकारी, बोटं, अंधारी, लिंबूपाणी. आम्ही आधी खोटं बोललो, हेही सांगितलं. तिच्या मागे कुणीतरी भांडी घासत होतं.

"मंग लिवून द्या," ती म्हणाली. "माझं बोललेलं कोण ऐकतंय."

मी दोन पानं लिहिली. आईनं वाचली आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली. बाबांनी वाचली, चष्मा काढला, पुसला आणि सही न करता पानं परत दिली. मी ती पाठवली. सासूनं विचारलं म्हणे, ह्या दोघी टाकीत होत्या का?

नव्हतो. टाकीत त्याच्या जोडीला काम करणारे तुम्ही होता. त्याच्याबरोबर मैदानावर तुम्ही होता, आणि आता कुणी सौदीत, कुणी दुबईत, कुणी गावी परतला आहात. कॅम्पमध्ये तुमची एक रीत होती, त्यानंच मला सांगितली होती: खोलीतल्या प्रत्येकानं दुसऱ्याच्या घरचा पत्ता आपल्या बॅगेच्या झाकणाला आतून लिहून ठेवायचा, वेळ आली तर कळवायला. त्याचा पत्ता तुमच्या बॅगेत आहे. बॅग माळ्यावरून खाली काढा. त्या आठवड्यात तो टाकीत कसा उतरायचा, काय म्हणायचा, कोण त्याला काय म्हणालं, हे तुमच्या बोलीत एका पानावर लिहा, खाली सही करा आणि त्याच्या बायकोला पाठवा. तुम्ही स्वतः त्यांच्यातले नसाल, पण तुमच्या घरात, शेजारी तसा कुणी आखाताहून परतलेला असेल, तर हा मजकूर आज त्याला वाचून दाखवा आणि त्याचं लिहून होईपर्यंत त्याच्याजवळ बसा.