पहिलं शिराळं

बदलापूर गावातल्या आमच्या ओळखीच्या एक मावशी चिखलोलीला आमच्या घरी आल्या की आधी बाल्कनीतल्या वेलाकडे बघतात, मग माझ्याकडे. कुंडीत बोट खुपसून म्हणतात, "पानी जास्त झालं, बाय." शिराळ्याचं गावठी बी त्यांनीच दिलेलं. पहिलं शिराळं खायचं नाही, बियांसाठी वेलावरच वाळू द्यायचं, हा त्यांचा कायदा. मी तो पाळत आले, आणि आमच्या ताटात भाजी येत राहिली.

यंदा मावशींचं घरातलं सगळं बी उंदरांनी खाल्लं. त्या माझ्याकडे आल्या. मी वाळलेलं अख्खं शिराळंच पुढे केलं. त्यांनी टोक मोडून बिया झटकल्या, निम्म्या पदरात बांधल्या आणि उरलेल्या माझ्या मुठीत कोंबल्या.

"सगळं एका घरात नको. तुझ्याकडं होतं म्हनून वाचलं ना, बाय."