रिकाम्या ट्रेमधला सूर्य

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण लिहायची वेळ येत नाही... आणि मी एका बोटाने टाइप करते, त्यामुळे हे चार दिवस चाललंय.

मागच्या मंगळवारी घरातलं तेल संपलं. तिथून सगळं सुरू झालं.

आम्ही कोलकात्यात बालीगंजला राहतो. माझे आजोबा जहाजावर ऑफिसर होते. रिटायर होऊन वीस वर्षं झाली, पण त्यांचा सेक्स्टंट अजून लाकडी पेटीत आहे. समुद्रात त्याने सूर्य किती वर आलाय ते मोजतात... दुर्बिणीतून बघत आरशातल्या सूर्याला खाली खाली आणायचं आणि क्षितिजाला टेकवायचं. सूर्य सगळ्यात वर असताना हे केलं की जहाज किती उत्तरेला आहे ते निघतं.

आमच्या गच्चीवरून क्षितिज कुठलं दिसायला. सगळ्या बिल्डिंगा आणि पाण्याच्या टाक्या. म्हणून आजोबा केकच्या काळ्या ट्रेमध्ये मोहरीचं तेल ओतून घेतात. तेलात सूर्य दिसतो, त्याच्यावर आरशातला सूर्य नेऊन बसवायचा, जो कोन येईल तो निम्मा करायचा, आणि त्या तारखेच्या तक्त्यावरून आपण किती उत्तरेला आहोत ते काढायचं. हे थंडीतच जमतं. उन्हाळ्यात सूर्य इतका वर चढतो की यंत्रावरचे आकडेच संपतात.

मी नववीत शाळा सोडली. वर्गात उभं केलं की घशातून आवाजच निघायचा नाही... दोन हिवाळे झाले, मी रोज आजोबांबरोबर गच्चीवर जाते. तेल ओतायचं आणि घड्याळ बघायचं. तिथे फार बोलावं लागत नाही.

शेजारच्या गच्चीवर मासीमा, म्हणजे शेजारच्या बंगाली मावशी, डाळीच्या वड्या वाळत घालतात. त्या रोज ओरडून विचारतात, "क्याप्टेनबाबू, आज जाहाज कोथाय?" म्हणजे आज जहाज कुठे. आजोबा रोज सांगतात, "बालीगंजेइ आछे," बालीगंजलाच आहे. मग दोघं हसतात. रोज.

रोज निघालेला आकडा आजोबा वहीत लिहितात, आणि त्या वहीचा त्यांचा एक नियम आहे. दिसलं तेच लिहायचं. ढग असले तर नुसतं 'ढग' लिहायचं. तरुणपणी एकदा सूर्य दिसला नव्हता तरी त्यांनी अंदाजाने आकडा लिहिला होता. कॅप्टन रागावला नाही... त्याने तो आकडा त्यांनाच खोडायला लावला, खाली 'दिसलं नाही' असं लिहायला लावलं आणि सही घेतली. "पुढचा माणूस त्या आकड्यावर जहाज चालवतो," असं आजोबा नेहमी सांगतात.

तर मंगळवारी. आईने भाजीला शेवटचं तेल घातलं होतं. आजोबा आरसे पुसत होते, मी त्यांच्यासमोर ट्रे ठेवला आणि नेहमीसारखी काही न बोलता दुकानात पळाले. कोलकात्यात जानेवारीत सूर्य पावणेबाराच्या जरा पुढेच सगळ्यात वर येतो, त्यामुळे घाई होती.

बाटली घेऊन वर आले तर आजोबांचं झालेलं. सेक्स्टंट मांडीवर, वही उघडी. २२° ३१′.

ट्रे कोरडा होता.

मी वहीची मागची पानं उलटली. मागच्या हिवाळ्यात २२ अंशांच्या पुढे २९, ३३, ३०... रोज थोडं इकडेतिकडे. हातात धरून बघितलं की असंच होतं. या हिवाळ्यात डिसेंबरपासून रोज ३१. आपलं घर कुठे आहे ते त्यांना पाठच आहे.

मला कळलं, पण तोंड उघडेना. घरी सांगितलं तर त्यांची गच्ची बंद होणार. नाही सांगितलं तर डोळे आणखी बिघडणार. शेवटी म्हटलं, "आजोबा, तेल मी आत्ता आणलंय."

त्यांनी ट्रेमधून बोट फिरवलं. मग ते बोट अंगठ्यावर घासलं.

"किती वाजले?"

"अकरा एक्कावन्न."

"मग जमेल अजून. ओत." आणि सेक्स्टंट माझ्या हातात दिला. "उजव्या डोळ्यात मधोमध काहीच नाही ग. दिवाळीपासून. डाव्याचंही खरं नाही आता."

मी आधी शिकताना बघितलं होतं, पण वहीसाठी कधीच नाही. आरशातला सूर्य तेलातल्या सूर्यावर टिकेना. निम्मं करायला मी दोनदा चुकले. शेवटी आलं २२° ३४′.

"तीन मिनिटं म्हणजे तीन मैल," आजोबा म्हणाले. "चुकलंय. पण बघितलेलं आहे."

तेवढ्यात मासीमांनी विचारलंच, आज जाहाज कोथाय. आजोबांनी सांगितलं, "आज शियालदाय." शियालदा आमच्या उत्तरेला, तीनेक मैलांवर. त्या हसल्या. आजोबा हसले नाहीत. त्यांनी चाचपत आपला आकडा खोडला, खाली 'दिसलं नाही' लिहिलं आणि सही केली. ओळ पार तिरकी गेली. त्याखाली माझा आकडा मला लिहायला लावला.

रात्री जेवताना त्यांनी ती वही बाबांच्या ताटाशेजारी ठेवली आणि माझ्याकडे बघत बसले. मग मी सांगितलं... सगळं, पहिल्यापासून. आवाज निघाला.

डॉक्टर म्हणाले, उजव्याला उशीर झालाय. डावा सांभाळता येईल. गच्ची बंद झाली नाही, फक्त जिना चढताना ते माझा खांदा धरतात. आता तेल ते ओततात, बोट बुडवून बघतात. आणि सूर्य मी बघते.

माझे आकडे अजून रोज वेगळे येतात. मी मोठ्याने वाचते, आजोबा ऐकतात आणि मान हलवून म्हणतात, लिही. शाळेत माझ्या चुकलेल्या उत्तराला कोणी असं 'लिही' म्हटलं नव्हतं. मला हे त्यांना तोंडावर सांगता येत नाही, म्हणून इथे लिहिलं.

आणि हो, खालच्या इस्त्रीवाल्याच्या मांजरीला काल चार पिल्लं झाली. एक पूर्ण पांढरं आहे.