जाळी कोणी काढली

माझ्या उजव्या हाताला आता अंगठा आणि करंगळी एवढीच उरली आहेत. मधली बोटं पापनाशमजवळच्या एका तांदळाच्या गिरणीत गेली. मी तिथे यंत्रावर होतो आणि माझा आत्तेभाऊ पाळीचा मेस्त्री, म्हणजे मुकादम, होता. मला कामाला त्यानेच लावलं होतं. आईवडील लवकर गेल्यामुळे मी तंजावरला आत्याच्या घरीच वाढलो. आम्ही दोघे एका चटईवर झोपलो, एका सायकलवरून शाळेत गेलो. तो मोठा, म्हणून मी त्याला अण्णा म्हणायचो.

कापणीचे दिवस होते. भाताच्या लॉऱ्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या होत्या आणि भात वर चढवणारा पट्टा सारखा अडकत होता. अडकला की यंत्र बंद करायचं, चाकावरची लोखंडी जाळी सोडवायची, कचरा काढायचा, जाळी परत बसवायची. त्यात फार वेळ जातो म्हणून अण्णाने सकाळीच जाळी काढून भिंतीला टेकवून ठेवली. मी म्हटलं, असं नको. तो म्हणाला, मुदलाळी येऊन ओरडून गेलाय, आजचा दिवस निभावून ने. मुदलाळी म्हणजे आमचा मालक. मी निभावायला गेलो. दुपारी एका गोणीचं टोक चाकात ओढलं जाताना दिसलं आणि मी ते धरलं. दुखलं ते नंतर. आधी नुसती ओढ जाणवली.

अण्णानेच यंत्र बंद केलं. खांद्यावरच्या पंच्यात माझा हात गुंडाळला आणि एका लॉरीत मला मांडीवर घेऊन तंजावरच्या इस्पितळापर्यंत आला. रस्ताभर तो रडत होता. ते रडणं खरं होतं, आजही मला तसंच वाटतं.

मालक फळं घेऊन भेटायला आला, सगळं बघतो म्हणाला. जखम भरून मी गिरणीत गेलो तेव्हा फाटकावरच्या माणसाने मला आत सोडलं नाही. मग मी कामगार अधिकाऱ्याकडे भरपाईचा दावा लावला. वकिलाने समजावलं की कामात झालेली चूक माफ असते, पण कामगाराने जाणूनबुजून सुरक्षेची जाळी काढली असेल तर दावा टिकत नाही. म्हणजे जाळी कोणी काढली, एवढाच प्रश्न. मला हायसं वाटलं. काढणारा तर माझाच साक्षीदार होता.

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी आत्याने मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर कोमट तेल घेऊन तिने माझा हात बराच वेळ चोळला.

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या व्हरांड्यात अण्णा माझ्या शेजारी बसला आणि आमच्या घरच्या मराठीत म्हणाला, "भिऊ नको. मी आहे ना."

मग आत जाऊन त्याने तमिळमध्ये साक्ष दिली. "जाळी यानेच काढली. मी नको म्हणालो होतो, याने ऐकलं नाही."

'नको' हा माझा शब्द होता. तो त्याने उचलून स्वतःच्या तोंडी घातला होता. माझ्या वकिलाने उलटसुलट विचारलं, पण तो डगमगला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. अधिकाऱ्याने मला काय सांगायचंय ते विचारलं. मी खरं तेच सांगितलं, पण माझाच आवाज खोटं बोलणाऱ्यासारखा कापत होता.

बाहेर तो मोपेडपाशी थांबला होता. जाळी काढल्याचं कबूल केलंस तर पोलिसांत तुझंच नाव देईन, असं मालकाने बजावल्याचं त्याने सांगितलं. त्याला दोन मुली आहेत.

"मग मला आधी सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू वकिलाला सांगितलं असतंस."

दावा फेटाळला गेला. वरच्या कोर्टात जायचं तर दुसरा साक्षीदार हवा होता. भुसा झाडणाऱ्या बाईने सगळं पाहिलं होतं. मी तिच्या गावी, कालव्याकाठच्या घरी गेलो. तिने पाणी दिलं आणि समोर उभं राहून सांगितलं की काम जाईल, मी येणार नाही. तिचा मला राग आला नाही. तिने निदान माझ्याकडे बघून नकार दिला होता.

अण्णा काय साक्ष देणार ते आत्याला आधीपासून माहीत होतं, हे मला वहिनीकडून कळलं. मी आत्याला जाऊन विचारलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला तुरुंगात धाडू का? तुझा हात तर गेलाच होता."

अपंगत्वाचा दाखला तेवढा मिळाला. त्यावर बसमध्ये सवलत आहे. आता मी एका औषधाच्या दुकानात बसतो आणि डाव्या हाताने लिहितो.

मागच्या वर्षी आत्याच्या यजमानांच्या श्राद्धाला गेलो होतो. न जाण्याचं धैर्य झालं नाही. पंगतीत सगळ्यांच्या पानांवर वाढून झालं होतं. माझ्या पानाशेजारी आत्याने एक चमचा आणून ठेवला, मला डाव्या हाताने जेवावं लागू नये म्हणून. सांबार वाढत अण्णा माझ्यापर्यंत आला, वाकला आणि कचेरीच्या व्हरांड्यातल्या त्याच आवाजात त्याने हळूच विचारलं, "घट्ट वाढू का पातळ?"

मी पानावरून उठलो. आत्या दारापर्यंत आली आणि म्हणाली, आजच्या दिवशी असं करू नये. मी चप्पल घातली. उजव्या बाजूचा पट्टा मला अजून नीट लावता येत नाही, तो तसाच मोकळा ठेवून बसस्टँडकडे चालू लागलो.