बाईंचा गणपती आधी यायचा

फोन आला तेव्हा मी उपकेंद्रात होते. लसीकरणाचा दिवस, एका हातात रडणारं बाळ आणि दुसऱ्या हातात मोबाइल. पलीकडून मयेकर बाईंची मुलगी अर्चना म्हणाली, "ताई, आई गेली. सकाळी, चहा घेता घेता." मी बाळ त्याच्या आईकडे दिलं, बाहेर बसलेल्या सगळ्या पोरांची लस होऊ दिली, वही पूर्ण केली. मध्येच उठून गेले असते तर बाईंनीच झापलं असतं. रडायला मग संध्याकाळ होतीच...

मयेकर बाई आमच्या नर्सबाई. देवरूखच्या पुढे, डोंगराकडच्या आमच्या गावात त्यांनी जवळजवळ सगळी नोकरी काढली. मूळच्या मांडवीच्या, समुद्रकाठी वाढलेल्या, त्यामुळे आमच्या घाट्या चढताना त्यांना धाप लागायची आणि त्या धापा टाकतच बोलायच्या. जे शब्द आम्ही बायका एकमेकींच्या कानातही सांगत नव्हतो, ते त्या भर खळ्यात, सासवांच्या देखत खणखणीत उच्चारायच्या. मार्च आला की वरून बायकांच्या नसबंदीच्या ऑपरेशनचे आकडे मागितले जायचे. बाई मीटिंगमध्ये विचारायच्या, "पुरुषांचं ऑपरेशन सोपं, तर दर वेळी टेबलावर बाईच कशाला?" त्यावर सगळे चहा प्यायला लागायचे. बाईंची बढती कधी झाली नाही, त्याचं त्यांना काही वाटलंही नाही.

माझी आणि त्यांची खरी ओळख एका चुकीतून झाली. ती चूक आमच्याच गावात होऊ शकते. आमच्याकडचे पुरुष मुंबईत नोकरीला. घरी येणार ते गणपतीत, शिमग्याला आणि जमलं तर मे महिन्यात. तेव्हा मी सव्वीस वर्षांची, एक मुलगी, एक मुलगा. दुसऱ्या बाळंतपणात मला रक्त चढवावं लागलं होतं आणि पुन्हा दिवस राहिले तर जिवावर बेतेल असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईंनी मला गोळ्यांचं पाकीट दिलं. रोज एक, म्हणाल्या. मी ते तांदळाच्या डब्यामागे जपून ठेवलं. गणपतीच्या आदल्या दिवशी हे एसटीतून उतरले, त्या रात्री पहिली गोळी घेतली. दहा दिवसांनी हे परत गेले आणि मी पाकीट पुन्हा डब्यामागे ठेवलं. घरात पुरुष नाही, मग गोळी वाया कशाला घालवायची? एवढा साधा हिशोब.

दिवाळीच्या आधी मला कळलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पाकीट मागितलं. त्यांनी बोटानं रिकामे कप्पे मोजले, दहा भरले. मग म्हणाल्या, "दहाच का गो?"

"ते दहाच दिवस होते ना घरात."

मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण बाई पायरीवर बसल्या. "चूक तुझी नाय," म्हणाल्या. "मी रोज म्हटलं. नवरा नसला तरी रोज, हे नाय म्हटलं. मला वाटलं, ते कळतंच." त्या आठवड्यात त्या घरोघर पाकिटं तपासत फिरल्या. नुसत्या आमच्या वाडीत आणखी चौघींनी तेच केलं होतं.

आणि आता जे लिहिते आहे ते मी इतकी वर्षं ह्यांच्याशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. बाईंनी माझ्यापुढे दोन्ही वाटा ठेवल्या. ठेवायचं तर त्या तपासणीपासून बाळंतपणापर्यंत सोबत राहतील. नको असेल तर सरकारी दवाखान्यात सोय आहे, कायद्यानं आहे. मी म्हटलं, ह्यांना विचारायला हवं. बाई म्हणाल्या, "विचार हवं तर. पण कागदावर त्याची सही लागत नाय, तुझी लागते. ठरवायचं तू." माझ्या आयुष्यात लग्न, मुलं, घर, काहीच मला विचारून झालं नव्हतं. मी दोन दिवस विचार केला. पदरातली दोन मुलं डोळ्यांसमोर आणली आणि नको म्हटलं. सासूबाईंना रक्त तपासायला जातो असं सांगून बाई मला रत्नागिरीला घेऊन गेल्या. परतीच्या एसटीत मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले होते. त्या निर्णयाचं मला दुःख झालं, पश्चात्ताप कधीच नाही.

शिमग्याला ह्यांना सांगितलं. दोन दिवस हे बोलले नाहीत. मे महिन्यात आले ते सरळ बाईंकडे गेले आणि स्वतःचं ऑपरेशन करून आले. घरी सांगितलं, आंब्याच्या पेट्या उचलताना कंबर धरली. सासूबाई रोज कंबरेला तेल चोळायच्या आणि हे बिचारे निमूट पालथे पडून असायचे! बाई विचारपूस करायला आल्या की हसू दाबत लगेच निघून जायच्या. हे छापू का, असं मी परवा ह्यांना विचारलं. "छाप," म्हणाले. "आता कोण हसतंय."

त्या वर्षापासून बाईंनी नवी रीत पाडली. कॅलेंडरवर गणेश चतुर्थी बघायची, तिथून दीड महिना मागे मोजायचं आणि त्या तारखेला लाल गोल करायचा. त्या दिवशी फेरी सुरू. तेवढ्या अवधीत प्रत्येकीची पाळी येऊन जाते, गोळ्या वेळेत सुरू होतात आणि नवरा येवो न येवो, रोज चालू राहतात. बायका थट्टेनं म्हणायच्या, बाईंचा गणपती आधी येतो. पुढे बाईंनीच मला आशा सेविकेच्या कामाला लावलं. त्या निवृत्त होऊन मांडवीला गेल्या तरी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तो गोल असायचाच. त्या तारखेला सकाळी सातला फोन यायचा, "निघालीस का?"

शेवटची भेट मे महिन्यातली. बाई थकल्या होत्या. उपकेंद्रात कायमची नर्स अजून आलेली नाही, हे सांगितल्यावर चिडल्या, चिडून खोकल्या. मग म्हणाल्या, "तुझी गोष्ट सांगितली असती, तर कितीजणींना पटकन कळलं असतं गो. पण ती माझी नव्हती." मी काहीच बोलले नाही. मला भीती वाटली, लोक काय म्हणतील याची. त्या गप्प बसण्याची आता लाज वाटते.

बारा दिवस झाल्यावर मांडवीला गेले, तेव्हा ते कॅलेंडर भिंतीवर तसंच होतं. आषाढातल्या एका तारखेभोवती लाल गोल. अर्चनाला काढावंसं वाटलं नव्हतं.

ती तारीख आली. सात वाजले. मी उगाचच फोनकडे बघत बसले... मग पिशवी उचलली आणि निघाले. पहिलंच घर गेल्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सुनेचं. तिचा नवरा नालासोपाऱ्याला. आता तीन महिन्यांचं इंजेक्शनही मिळतं, तेही तिला सांगितलं, पण तिला गोळ्याच हव्या होत्या. पाकीट हातात घेऊन ती हळूच म्हणाली, "ताई, हे येतील त्या दिवसापासून सुरू केल्या तर चालेल ना?"

आत तिची सासू भाकऱ्या थापत होती. तिला सगळं ऐकू जाणार होतं. मी पिशवी खाली ठेवली आणि पडवीत बसले.

"पाणी आण गो आधी," मी म्हटलं, "आणि सासूलाही बाहेर बोलाव. माझं काय झालं होतं, ते दोघींनाही सांगते."