गाडी थांबवायची वेळ

सगळे त्याला सुसाट म्हणत. रुग्णवाहिकेवरच्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्याला हे नाव पडलं आणि ते त्याला आवडायचं. भर बाजारातून, शाळा सुटायच्या वेळी, खोदून ठेवलेल्या रस्त्यावरून तो गाडी अशी काढायचा, की शेजारी बसलेल्यानं डोळेच मिटून घ्यावेत. आता पन्नाशी उलटली होती, पाठ धरायची, चष्म्याशिवाय फोनवरचा आकडा दिसायचा नाही. पण वेग तसाच होता. "पेशंट मागे, मी पुढे. पोचवणं माझं काम. पुढचं डॉक्टर बघतील," असं तो सांगायचा.

मोठ्या बहिणीलाही त्यानंच पोचवलं होतं. आई लवकर गेली तेव्हा ताईनंच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवलं, त्याच्यापायी स्वतःचं लग्न लांबणीवर टाकलं. एका दुपारी ती छातीला हात लावून खाली बसली, तेव्हा नेमकी त्याचीच गाडी जवळ होती. मागे ताई, तिच्याजवळ भावोजी, आणि स्टिअरिंगवर तो. त्या दिवशी तो जेवढ्या जोरात गेला तेवढा आधी कधी गेला नव्हता. दवाखान्याच्या दारातच डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली. भेटायला आलेला जो तो म्हणायचा, "तू तुझ्याकडून काही कमी केलं नाहीस." त्या वाक्याच्या आधारावर तो पुढची वर्षं गाडी चालवत राहिला.

मग वरून हुकूम आला. चालकांचा प्रशिक्षण अभ्यासक्रम बदललाय. नवे-जुने सगळ्यांनी पुन्हा वर्गात बसायचं, नाहीतर गाडीची चावी मिळणार नाही.

गाड्यांच्या शेडवरच्या लांबट खोलीत पहिला वर्ग भरला. खुर्च्या शाळेतल्या, त्यामुळे पोट सुटलेल्यांची पंचाईत झाली. "आता दप्तर आणि डबापण आणायचा का?" कुणीतरी विचारलं. टेबलावर कमरेपर्यंतचा एक रबरी पुतळा निजवला होता. "हा आपल्या साहेबांपेक्षा जिवंत दिसतोय," दुसरा म्हणाला, आणि खोली हसली. शिकवणाऱ्या बाईही हसल्या. त्या पूर्वी नर्स होत्या. गुडघे दुखत असावेत, कारण त्या टेबलाला टेकूनच बोलत होत्या.

"नवीन काय आहे ते आधी सांगते, म्हणजे तुम्हाला उगाच बसवलंय असं वाटायला नको," त्या म्हणाल्या. "जुन्या अभ्यासक्रमात काय शिकवलं होतं?"

"गाडी, रस्ता आणि सायरन."

"आणि मागे पेशंटचा श्वास थांबला तर?"

"आणखी जोरात जायचं," सुसाट म्हणाला. पुन्हा हशा झाला.

बाई या वेळी हसल्या नाहीत. "इथेच बदल आहे. यापुढे गाडीत मागे शिकलेला मदतनीस असेल. पण तो नसला, आणि श्वास थांबला, तर गाडी बाजूला घ्यायची आणि थांबवायची. मागे जाऊन छाती दाबायला लागायचं. हृदय बंद पडलं की पहिली काही मिनिटंच हातात असतात. तेवढ्यात दवाखाना येत नाही, तुम्ही कितीही पळवलीत तरी."

सुसाट जागचा उठला. "थांबवायची?"

"थांबवायची."

"हे हल्ली निघालंय का, बाई? म्हणजे, आता आता कळलंय?"

हो म्हणणं सोपं होतं. त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तरी खोटं बोलल्या नाहीत. "नाही. मी शिकत होते तेव्हाच आम्हाला शिकवलं होतं. चालकांना शिकवावं, हे कुणाला सुचलं नाही."

त्याची पाळी आली तेव्हा तो पुतळ्यावर वाकला. "कोपर ताठ ठेवा. जोर खांद्यातून येऊ द्या," बाई सांगत होत्या. मग त्या "पुरे" म्हणाल्या, तरी तो दाबतच राहिला. शेवटी जोडीदारांनी दंडाला धरून त्याला बाजूला केलं.

सुट्टीच्या दिवशी तो भावोजींकडे गेला. ते दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होते. त्यानं उभ्याउभ्याच वर्गातलं सगळं सांगितलं.

"म्हणजे मी थांबलो असतो, तर..."

"मला कुठे ठाऊक होतं छाती दाबायचं?" भावोजी म्हणाले. मग हातातला सदरा तसाच धरून राहिले. "पण मी मधली काच वाजवली होती."

"आठवतंय. मला वाटलं, जोरात चल म्हणताय."

"थांब म्हणत होतो. ती तुला विचारत होती रे. 'बाळ कुठाय, बाळ कुठाय', एवढंच चाललं होतं. म्हटलं, एकदा मागे येऊन तोंड दाखवावंस. तू आणखी पळवलीस. त्यानंतर ती काही बोललीच नाही."

"इतकी वर्षं तुम्ही..."

"काय सांगायचं होतं? तू जीव तोडून चालवत होतास." त्यांनी सदऱ्याची घडी घातली, ती वाकडी झाली, पुन्हा मोडली.

भांडण झालं नाही. पण त्याचं तिकडे जाणं कमी होत गेलं, आणि का येत नाहीस, असं भावोजींनीही विचारलं नाही.

परीक्षेत तो पास झाला. मदतनिसांच्या जागा मात्र कागदावरच राहिल्या. पावसाळा संपता संपता एका वयस्कर घड्याळजीला न्यायचं होतं. मागे त्याची लेक बसली होती. अर्ध्या वाटेत ती ओरडली, "बाबा श्वास घेत नाहीयेत!" सुसाटचा पाय आधी ॲक्सिलरेटरवरच गेला. मग त्यानं ब्रेक दाबला, गाडी पुलाखाली घेतली, वायरलेसवर मदत मागवली आणि मागे चढला.

"अहो, थांबलात काय? चालवा ना! पाया पडते, चालवा!" लेक त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होती. तो दाबत होता. हाताखाली बरगडी मोडल्याचं त्याला कळलं. बाईंनी तेही सांगून ठेवलं होतं. दुसरी गाडी येईपर्यंत तो दाबत राहिला. घड्याळजी गेला.

लेकीनं तक्रार केली. चौकशी होईस्तोवर त्याला घरी बसवलं. बाई साक्षीला आल्या, आणि चालकानं शिकवल्याप्रमाणेच केलं असा निकाल लागला. तो कामावर परतला. गाडीत मागची जागा अजून रिकामीच होती.

एका सकाळी ती लेक शेडमध्ये आली. तो गाडी धूत होता. ही आता चारचौघांत ओरडणार, असं वाटून त्यानं नळ बंद केला.

"थांबला नसतात तर बाबा वाचले असते का?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"मला माहीत नाही. बहुतेक नाही."

"तुम्ही दाबत होतात तेव्हा काहीतरी मोडलं. मी ऐकलं. त्यांना दुखलं असेल?"

"नाही हो. त्यांना काहीच कळत नव्हतं."

ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग "बरं" म्हणून फाटकाकडे गेली. त्यानं पुन्हा नळ सोडला, चाकांवरचा चिखल काढला. आतून नवा पत्ता ओरडून सांगितला गेला, तेव्हा ओले हात पँटला पुसत तो गाडीत चढला.