वरची कोथिंबीर

आमच्या वरच्या मजल्यावरचे जपानी इंजिनिअर सुप्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यात आहेत. रविवारच्या बाजारात ते भाव विचारतात, मोबाईलवर त्याचे येन करून बघतात आणि घासाघीस न करता मोजून पैसे देतात.

एकदा भाजीवाल्या मावशींनी त्यांच्या पिशवीत वर कोथिंबीर टाकली. त्यांनी ती दोन्ही हातांनी परत ठेवली.

"पैसं कुटं मागितलं मी?" मावशी चिडल्या. "पोरी, सांग त्यास्नी, परत येऊ नका म्हनावं!"

मी सहसा कुणाच्या मध्ये बोलत नाही. तरी इंग्रजीत हळूच म्हणाले, "ही नेहमीच्या गिऱ्हाइकाला असते."

ते ओशाळून लाल झाले आणि वाकून त्यांनी कोथिंबीर उचलली.

आता पैसे दिल्यावरही ते पिशवी उघडी धरून उभे राहतात.

"लई हुशार झालं की हे," म्हणत मावशी कोथिंबीर टाकतात.